थोरलीचं नाव

थोरली मला काका म्हणते. माझ्याच रक्ताची लेक, अठ्ठेचाळीस वर्षांची झाली, कानामागचे केस पिकले, आणि मला काका म्हणते. आईला मावशी म्हणायची. हे तिला आम्हीच शिकवलं. मारून शिकवलं.

माझी बायको गेल्या थंडीत गेली. खोकल्याचं निमित्त झालं, खोकला छातीत उतरला, आणि सातारच्या दवाखान्यात चार दिवस काढून संपली. तिसऱ्या दिवशी तिनं नाकावरची नळी बाजूला सारली आणि म्हणाली, "आवं, थोरलीचं नाव लावून घ्या. माझं चुकलं."

मी म्हणालो, "गप पड. बरी झालीस म्हंजे बघू."

तिला त्रास नको म्हणून तसं बोललो, असं मी पाहुण्यांना सांगितलं. खरं तर मला तो विषयच नको होता. तिला न्यायला माणसं आली तेव्हा थोरली पायांना मिठी मारून बसली, मावशी, मावशी करत. शेजारीण डोळे पुसत म्हणाली, "भाची असून बघा केवढी माया." मी तिथंच उभा होतो. तोंड उघडलं नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. गाव मेढ्याच्या वर डोंगरात. अठराव्या वर्षी पलटणीत गेलो, तिथल्या स्वयंपाकघरात, लंगरात, भाकऱ्या थापल्या, पेन्शन घेऊन आलो आणि साताऱ्याच्या कडेला दोन खोल्या बांधल्या. नंतर औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीचा वॉचमन होतो, गुडघे गेले तेव्हा तेही सुटलं. थोरली जन्मली ती छावणीतल्या दवाखान्यात. दोन वर्षांची असताना तिला ताप आला, मेंदूत गेला. ताप उतरला, पोर मागेच राहिली. फिट यायला लागल्या. शाळेत बसली नाही. पण भाकरी भाजते, धुणं धुते, आणि जे सांगाल ते करते. तेच वाईट झालं.

धाकटीला सांगलीकडचं स्थळ आलं तेव्हा थोरली चोवीसची होती. स्थळ मोठं, हळदीचा व्यापार. बायको आठ दिवस झोपली नाही. म्हणायची, थोरलीला बघून ते चहा न घेता उठतील, म्हणतील रक्तात हाय. मी म्हणालो, तापानं झालंय असं सांगू. ती म्हणाली, "लोक तापावर इस्वास ठेवत्यात व्हय?" तिची मोठी बहीण रहिमतपूरला दिलेली, ती मूल न होता गेली होती. बायकोनं ठरवलं, ही त्या बहिणीची पोर. आई मेलेली, म्हणून आपल्याकडं वाढलेली. साडूला विचारलं, तोही हो म्हणाला. त्याचं काय जात होतं?

बघायचा कार्यक्रम झाला त्या दिवशी पाहुणे सतरंजीवर बसलेले. थोरलीला आतल्या खोलीत ठेवली होती. पोह्यांचा वास आला तशी ती दारात आली आणि म्हणाली, "आप्पा, मला पोहे."

सगळ्यांनी वळून बघितलं. होणारी विहीण म्हणाली, "ही कोण?"

मी म्हणालो, "मेहुणीची पोर. लाडानं आप्पा म्हणती."

खोटं मी बोललो. बायकोनं ठरवलं होतं हे खरं, पण ते शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडले. बायकोनं तिला आत नेलं. आतून चापटांचा आवाज आला, एक, दोन, मग मोजले नाहीत. तो बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून मी मोठ्यानं पलटणीतली गोष्ट सांगायला लागलो. बर्फात ट्रक कसा अडकला ती. पाहुणे हसले. लग्न ठरलं.

पुढं रेशनकार्डात तिचं नाव भाची म्हणून लावलं, बापाच्या जागी साडू. आधारकार्ड आलं तेव्हा ते रेशनकार्डावरून तसंच्या तसं उतरलं. साडूही आठ वर्षांपूर्वी गेला. म्हणजे कागदावर माझी लेक अनाथ आहे, आणि बाप तिच्यासाठी भाजी निवडतोय.

बायको असेपर्यंत घर कसं चालतं हे मला ठाऊक नव्हतं. एक तारखेला पेन्शन काढून तिच्या हातात द्यायची एवढंच माझं काम. ती निरक्षर, पण मांडणीवर चार डबे होते. पहिला किराण्याचा. दुसरा लाईट आणि गॅसचा. तिसरा औषधांचा, त्यात थोरलीच्या गोळ्यांच्या पट्ट्या. सकाळच्या पट्टीला लाल रबर, संध्याकाळच्या पट्टीला काळं. चौथा डबा वरच्या फळीवर, त्याला हात लावायचा नाही. महिन्याला पहिली नोट त्यात पडायची, नंतर बाकीचे डबे.

तेराव्यानंतर मी ते डबे खाली घेतले आणि भ्यालो. मी फौजी माणूस, गोळीबार ऐकलेला, पण त्या चार डब्यांपुढं मांडी घालून नुसता बसून राहिलो. कारण पहिल्यांदाच ध्यानात आलं की हे सगळं माझ्या श्वासावर चाललंय. आधी मी मेलो असतो तर बायकोला पेन्शन मिळाली असती. बायको आधी गेली. आता मी गेलो की त्या दिवशी पेन्शन बंद. थोरलीचं नाव तर कुठंच नाही. तिला कोण खायला घालणार? गोळ्या कोण आणणार? तिला दहा रुपयाच्या आणि शंभराच्या नोटेतला फरक रंगावरून कळतो, तेवढाच.

त्या दिवसापासून भीती माझ्याबरोबर उठते. चढ चढताना धाप लागली की वाटतं, झालं. छातीत वायू धरला तरी मी थोरलीकडं बघतो.

मग मी काटकसर सुरू केली. चौथ्या डब्यात जास्त टाकायचं म्हणून पेपर बंद केला. दूध अर्ध्यावर आणलं. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या, म्हटलं एवढी वर्षं पायी हिंडलोय, मला काय होतंय. तरी डबा भरेना. मग नजर काळ्या रबरावर गेली. थोरलीला दोन वर्षांत फिट आली नव्हती. मी विचार केला, सकाळची गोळी पुरे. संध्याकाळची बंद केली.

हे मी लिहितोय ते वाचून कुणी मला शिव्या घालील. घालावी. मी तिच्याच नावानं साठवत होतो आणि तिच्याच तोंडातलं औषध काढून साठवत होतो.

बारा-तेरा दिवस काही झालं नाही. मला वाटलं, बघ, जमतंय. मग एका सकाळी ती गॅसपाशी भाकरी भाजत होती आणि तवा खणकन वाजला. मी परड्यातून आत आलो तर ती जमिनीवर, डोळे वर, दात आवळलेले, डावा हात तव्यावर. तवा लाथेनं उडवला. कांदा फोडून नाकाशी धरला. चप्पल धरली. आयुष्यभर बघितलेलं तेच केलं. ती थांबेना. मी घड्याळाकडं बघत होतो आणि काटा हलत नव्हता. त्या वेळी मी देवाला तिच्यासाठी काही मागितलं नाही. मला मारू नको एवढंच मागितलं.

रिक्षात घालून नेली. डॉक्टरांनी हाताला पट्टी बांधली आणि गोळ्यांचं विचारलं. मी खरं सांगितलं.

ते म्हणाले, "आजोबा, कांदा भाजीत घाला. गोळी पोरीला द्या."

"व्हय."

"आणि तुमची स्वतःची गोळी?"

"तीबी बंद केली."

"म्हणजे दोघं एकदमच जायचा विचार आहे का?"

त्यांनी रागानं म्हटलं, पण ते वाक्य घरी येईपर्यंत माझ्या कानात होतं. कारण तसा विचार माझ्या मनात येऊन गेला होता. एकदा. दोघं एकदम गेलो तर प्रश्नच मिटला, असा. मी तो झटकला, पण आला होता.

घरी आल्यावर चौथा डबा पहिल्यांदा तळापर्यंत उपसला. नोटांच्या खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कागद होता. घडीवर फाटलेला. छावणीच्या दवाखान्याचा. माझा नंबर, माझा हुद्दा, बायकोचं नाव, आणि मुलगी झाल्याची तारीख. अक्षर न वाचता येणाऱ्या बाईनं तो कागद सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षं जपला होता. जिनं पोरीला मावशी म्हणायला लावलं तिनंच. मी तिथंच बसलो. मला तिचा राग येत होता आणि तिला हाकही मारावीशी वाटत होती.

दुसऱ्या दिवशी, माझ्यामागं पेन्शनला थोरलीचं नाव लागतंय का ते विचारायला, कागद घेऊन साताऱ्यात माजी सैनिकांच्या कचेरीत गेलो. टेबलामागं एक निवृत्त हवालदार. कागद बघितले, आधार बघितलं.

"बाबा, हिच्या आधारवर बाप दुसराच हाय."

"त्यो माझा साडू."

"मग पेन्शन साडूची मागा की."

मागं बसलेले दोघंतिघं हसले. मीही हसलो, काय करणार. मग हवालदार खाली वाकून हळू बोलला, "काय भानगड हाय? खरं सांगा." मी सांगितलं. त्याचं हसू गेलं. म्हणाला, छावणीचा कागद आहे म्हणून वाट आहे. पण दोन गोष्टी पाहिजेत. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या बोर्डाचा दाखला, की ही कमवू शकत नाही. आणि सख्ख्या बहिणीचं प्रतिज्ञापत्र, की ही आमचीच.

"बहिणीचंच पायजे?"

"दुसरं कोण हाय तुमच्यात जितं?"

कोणी नव्हतं. आणि धाकटीच्या घरात तेव्हा माझ्या नातीची सोयरीक चालली होती. चोवीस वर्षांपूर्वी ज्या भीतीनं आम्ही खोटं बोललो तीच भीती परत दारात उभी होती, फक्त एक पिढी पुढं सरकून.

एसटीनं कराडवरून सांगलीला गेलो. थोरलीला शेजारणीकडं ठेवलं, गोळी रबरासकट हातात देऊन. पिशवीत टाईप केलेला स्टॅम्पपेपर. सगळ्या वाटेनं मी काय बोलायचं ते घोकत होतो आणि सांगली आली तेव्हा सगळं विसरलो.

विहीणबाई सोप्यात सुपारी कातरत बसल्या होत्या. व्याही वारले, आता घर त्यांच्या शब्दावर. जावई दुकानात होते. धाकटीनं पाणी आणलं, मला बघून तिचा चेहरा पडला. तिला कळलं असावं.

मी उभ्यानंच सांगितलं. "विहीणबाई, थोरली माझी लेक हाय. मेहुणीची न्हाई. लग्नात मी तुमाला खोटं सांगितलं."

अडकित्ता थांबला. त्या माझ्याकडं न बघता सुनेकडं बघायला लागल्या. "तुला ठावं व्हतं?"

धाकटी म्हणाली, "व्हय."

"चोवीस वर्सं माझ्या हातचं खाल्लंस. सणाला तिला लुगडं पाठवायची मी, आईविना पोर म्हणून. आणि तू ते बांधून द्यायचीस."

"व्हय आत्या."

"लाज न्हाई वाटली?"

तेव्हा धाकटी रडली नाही, भडकली. "लाज कुठली, आत्या. भ्या वाटायचं. पोरगी झाली तवा भ्याले, पोरगा झाला तवा भ्याले. ताप आला की रातभर कपाळावर हात ठेवून बसायची. तुमी म्हणायच्या, लय माया करती. माया नव्हती, भ्या व्हतं." मग माझ्याकडं वळली. "आणि आप्पा, तुमी आता सांगताय. आता! तिचं ठरायला आलंय तवा!"

 एवढंच म्हणालो, "मी मेलो तर ती कुठं जाईल?"

 बाहेर हळदीच्या पोत्यांचा टेम्पो आला होता, त्याचा ड्रायव्हर हाका मारत होता. विहीणबाईंनी त्याला आतूनच ओरडून थांबायला सांगितलं. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुमी मेल्यावर ती आमच्या दारात यील, असं भ्या हाय व्हय?"

"न्हाई. तुमच्या दारात आली तरी चालंल असं म्हणायचं तोंड मला न्हाई. म्हणून तर पेन्शनला नाव लावायचंय."

 मग सुपारी परत कातरायला लागल्या आणि सुनेला म्हणाल्या, "जा, सही करून ये. आईबापाची पापं पोरीच्या अंगावर नकोत." आणि मला म्हणाल्या, "पण नातीचं लगीन होईस्तवर ह्या दारात येऊ नका. फोनबी नको. लग्नाला यायचं का न्हाई ते मी सांगीन."

मी हात जोडले. धाकटी रिक्षानं माझ्याबरोबर कोर्टाजवळच्या नोटरीकडं आली, सही केली, शिक्का मारून घेतला. स्टँडपर्यंत सोडायला आली. गाडी सुटायच्या वेळी खिडकीतून एक पुडी आत टाकली. हळद होती. "तिच्या हाताला लावा, भाजलाय ना," म्हणाली. रिक्षात मी फोनवर शेजारणीशी भाजल्याचं बोललो ते तिनं ऐकलं होतं. डॉक्टर हळद लावू नका म्हणाले होते, पण मी ते सांगितलं नाही.

आता बोर्ड राहिलं. हवालदारानं बजावलं होतं, डॉक्टर पोरीलाही विचारतात, बरोबर कोण आलंय. तिनं काका म्हटलं तर शंका येईल, चौकशी लागेल, फाईल महिनोन्‌महिने पडून राहील. तेवढे महिने माझ्याकडं आहेत का, हे कुणाला ठाऊक?

मी तिला शिकवायला बसलो. रोज जेवणाआधी, समोर गुळाचा खडा ठेवून.

"मी कोण?"

"काका."

"काका न्हाई गं. आप्पा. म्हण."

ती तोंडावर हात धरून हसायची आणि दाराकडं बघायची. "मावशी मारंल."

"मावशी गेली आता."

"मग यील की."

आठ दिवस झाले, दहा झाले. एकदा मी चिडलो, हात उचलला. तिनं दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि भिंतीला चिकटली, चोवीस वर्षांपूर्वीसारखी. मी हात खाली घेतला, गूळ तिच्या हातावर ठेवला आणि परड्यात जाऊन बसलो. त्यानंतर शिकवलं नाही. जे होईल ते होईल म्हटलं.

बोर्डाच्या दिवशी सकाळी सातला सरकारी दवाखान्यात रांगेत होतो. थोरली आईचं हिरवं लुगडं नेसली होती, ते तिला आखूड होतं. दुपारी नंबर लागला. आत तीन डॉक्टर. मधल्या बाईंनी कागद चाळले, तापाचं विचारलं, तिला आकडे विचारले, बोटं मोजायला लावली.  मग त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

"हे कोण तुझे?"

थोरलीनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली नाही, डोळासुद्धा हलवला नाही.

"काका," ती म्हणाली.

बाईंनी कागदाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "इथं वडील लिहिलंय."

  आता चौकशी, आता तारखा, आता मी मरणार आणि ही रस्त्यावर, हे सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. बाईंनी परत विचारलं, जरा गोड बोलून, "काका का म्हणतेस गं? वडील नाहीत का हे?"

थोरली पुढं वाकली. गुपित सांगतात तसं हळू, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं.

"हायती. पर भाईरच्या माणसाम्होरं आप्पा म्हणायचं न्हाई. पाहुणं उठून जात्यात."

 बाजूच्या डॉक्टरांनी चष्मा काढला. बाईंनी माझ्याकडं बघितलं, मी खाली बघितलं. मग त्यांनी पेन उचललं आणि लिहायला लागल्या. लिहिता लिहिता म्हणाल्या, "हा तापाचा परिणाम आहे, रक्तातला नाही. हे तुम्ही तेव्हा कुणा डॉक्टरकडून लिहून का घेतलं नाही?"

मी म्हणालो, "लोक काय म्हणतील ह्याला भ्यालो, बाई."

दाखला मिळाला. फाईल गेली. हवालदार म्हणतो, वरून पत्र येईल, वेळ लागतो. सांगलीहून निरोप नाही. नातीचं काय झालं मला ठाऊक नाही, विचारायला तोंड नाही.

पत्र येईपर्यंत मला मरता येत नाही. म्हणून तिसऱ्या डब्यात आता माझ्या रक्तदाबाच्या पट्टीलाही एक रबर आहे, पिवळं. ते थोरलीनं लावलं. सकाळी ती आधी लाल रबर काढते, स्वतःची गोळी घेते, मग पिवळं काढून माझी गोळी आणि पाण्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवते. दार उघडं असलं तर म्हणते, "काका, गोळी."

काल दार लोटलेलं होतं. तिनं आधी दाराकडं बघितलं, कडी घातली, परत येऊन तांब्या ठेवला. मी थांबलो. ती काकाही म्हणाली नाही, आप्पाही नाही. गोळी तेवढी पुढं केली. मी घेतली.